कुंपणीचा खेळ आणि घरातला वाद

चंद्रपूरचा वैशाख ज्यांनी सोसलेला नाही, त्यांना सकाळी दहापासून सायंकाळी साडेपाचपर्यंतचा वेळ किती लांब असू शकतो याची कल्पना यावयाची नाही. दारे-खिडक्या लावून, कूलरच्या घरघरीत, सारे कुटुंब एका खोलीत कोंडलेले असते. पूर्वी या वेळात सोंगट्या, गंजिफा, बुद्धिबळे माळ्यावरून खाली येत. अलीकडे प्रत्येकाच्या हाती आपापला फोन असतो, आणि एका खोलीतली सहा माणसे सहा निरनिराळ्या ठिकाणी नांदत असतात. म्हणून गेल्या उन्हाळ्यात आमच्या थोरल्या बंधूंचा नातू पुण्याहून सुटीवर येताना एक भली जड पेटी घेऊन आला, व ‘हा खेळ पाच जणांनी समोरासमोर बसूनच खेळावा लागतो’ असे म्हणाला, तेव्हा आम्हांस आनंदच झाला. त्या पेटीने घरात आठ दिवस अबोला निर्माण होईल असे कोणास वाटले होते!

खेळाचे नाव ‘जॉन कंपनी’. ईस्ट इंडिया कंपनीस विलायतेत लाडाने म्हणत ते हे नाव. आपल्याकडे जिला ‘कुंपणी सरकार’ म्हणत, तीच ही. कोल वेर्ले नावाच्या अमेरिकन गृहस्थाने तो रचिला असून त्याची सुधारलेली आवृत्ती २०२२ साली निघाली. पट मांडण्यासच अर्धा तास लागतो. नियमांची पुस्तिका वाचण्यास एक अख्खी दुपार खर्ची पडली. आणि पहिला डाव संपावयास, सरबताचे दोन फेरे धरून, पाच तास लागले. ज्यांना लहानपणीचा ‘व्यापार’ हा खेळ आठवतो त्यांनी त्याच्या दसपट गुंतागुंतीची कल्पना करावी.

खेळाची रचना थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण पुढला सारा वाद तिच्यातूनच उपजला. येथे खेळणारा कोणी राजा नसतो, सेनापती नसतो. प्रत्येक जण इंग्लंडातील एक महत्त्वाकांक्षी घराणे असतो. आपल्या मुलाभाच्यांना कंपनीत चिकटवावयाचे. कोणी कारकून, कोणी लष्करी अंमलदार, कोणी भागीदार. पुढे वशिल्याने व देवघेवीने त्यांना मुंबई, मद्रास वा बंगाल इलाख्याचे प्रमुख करावयाचे, जमल्यास खुद्द कंपनीचे अध्यक्षपद पटकवावयाचे. कोणतेही काम करावयाचे तर पैसा खर्चून फासे टाकावयाचे व त्यांतील सर्वांत लहान अंक धरावयाचा: एक-दोन आले तर यश, तीन-चार आले तर अपयश, आणि पाच-सहा आले तर पदावरून उचलबांगडी. समोर हिंदुस्थानचा नकाशा असतो. मराठे, म्हैसूर, हैदराबाद, दिल्ली, पंजाब इत्यादी मोजके प्रांत, त्यांवर त्यांच्या बळाचे बुरूज, आणि पुढली उलथापालथ कोठे होणार हे दाखविणारा एक हत्ती. या प्रांतांच्या बाजूने खेळणारे कोणी नाही. त्यांची बंडे व लढाया पत्ते उलटतील तशा घडतात.

आणि जिंकतो कोण? ज्याने अधिक मुलूख जिंकला तो नव्हे. ज्याची माणसे गाठीला पैसा बांधून सुखरूप मायदेशी परतली, ज्यांनी वाडे-बंगले बांधले, मानमरातब विकत घेतले, तो जिंकतो.

पहिल्याच दिवशी नातवाकडे मुंबई इलाख्याचे प्रमुखपद आले. चौथ्या तासाला त्याने खजिना रिता करून मराठ्यांच्या प्रांतावर स्वारी केली, फासे टाकले, त्यांत एक आला. ‘पडला! मराठा पडला!’ असे ओरडून त्याने टाळी पिटली आणि लुटीची नाणी आपल्याकडे ओढली. त्याच्या बहिणीनेही टाळी दिली. त्या क्षणी कोपऱ्यातल्या खुर्चीवर पेंगत असलेले थोरले बंधू उठले, काठी घेतली, आणि एक शब्दही न बोलता आतल्या खोलीत गेले. रात्री ते जेवावयास बाहेर आले नाहीत.

जे वाचक या गावचे नाहीत त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. आमचे घर जटपुरा वेशीच्या आत आहे. गोंड राजांनी बांधलेला चांद्याचा कोट, त्याच्या जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा या चार वेशींसह, आजही पुष्कळ अंशी उभा आहे. बंधूंनी सदतीस वर्षे शाळेत इतिहास शिकविला, आणि दरवर्षी सातवीच्या मुलांना या कोटाच्या कडेने फिरवून आणिले. १७५१ च्या सुमारास चांदा गोंडांकडून नागपूरकर भोसल्यांकडे गेला. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली; पुढे एप्रिल १८१८ मध्ये पांढरकवड्याजवळ शिवणी येथे दुसऱ्या बाजीरावाचा मोड झाला, आणि कर्नल ॲडम्सची फौज चांद्यावर आली. किल्लेदार गंगासिंग याने शरण येण्याचे नाकारिले. तोफांनी तटास खिंडार पाडले आणि २० मे १८१८ रोजी कंपनीचे शिपाई आत घुसले. म्हणजे याच उन्हात, याच महिन्यात. ज्या भिंतीचे दगड बंधूंनी मुलांच्या चार पिढ्यांना हाताने चाचपून दाखविले, ती भिंत त्यांच्या नातवाने त्यांच्याच घरात फाशाच्या एका ठिपक्याने पाडली होती, आणि वर टाळी पिटली होती.

दुसऱ्या दिवशीपासून घरात मतांचा बाजार भरला. तो जसाच्या तसा वाचकांपुढे ठेवितो.

नातवाचे म्हणणे असे: ‘आजोबांनी खेळ पाहिला नाही, फक्त टाळी ऐकली. शाळेत आम्हांला शिकविले की इंग्रज धूर्त होते, त्यांनी ठरवून देश घेतला. हा खेळ खेळल्यावर मला कळले की तसे ठरविण्याची कोणास गरजच नव्हती. मला मराठ्यांशी वैर नव्हते. माझ्या घराण्याचे कर्ज होते, पुढल्या वर्षी माझे पद जाणार होते, आणि स्वारीवाचून ते फिटत नव्हते. मी स्वारी केली. हे मला कोणत्याही पुस्तकाने इतके स्पष्ट सांगितले नव्हते.’ आम्ही प्रामाणिकपणे सांगतो, या उत्तराने आम्ही काहीसे चकित झालो.

वहिनींचे मत व्यवहाराचे होते. ‘पाच तास! पाच तासांत मी कुरडयांची दोन वाळवणे उरकते. बुद्धिबळ खेळा म्हणावे; नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकून आणिला, तिच्या आईबापांचे कष्ट फळास आले. या तुमच्या कंपनीतून काय मिळणार आहे?’ परंतु क्षणभर थांबून त्याच पुढे म्हणाल्या, ‘तरी एक खरे. पाच तासांत एकानेही फोनकडे पाहिले नाही. आणि नात आपल्या भावाशी दोन वर्षांत बोलली नसेल इतके त्या दुपारी बोलली, मग ते भांडण का असेना.’

शेजारचे निवृत्त वकील बुद्धिबळाचे जुने भक्त. आजही ते देशी पद्धतीनेच खेळतात: प्यादे एकच घर चालावयाचे, राजाला शह बसलेला नसेल तर एकदा घोड्याची अडीच घरे घेण्याची मुभा, आणि प्यादे ज्या मोहऱ्याच्या घरी पोहोचेल तेच मोहरे व्हावयाचे. त्यांनी बंधूंच्या रागास हसण्यावारी नेले. ‘बुद्धिबळात काय आपण आरती करतो? तेथेही कत्तलच आहे. प्याद्यांसाठी कोणी अश्रू ढाळले नाहीत. १८१४ साली त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांनी मुंबईत बुद्धिबळाच्या डावांचे पुस्तक इंग्रजीत छापिले, तेही युरोपीय पद्धतीस जुळवून. त्या वेळी पुण्यास पेशवाई उभी होती. चार वर्षांत ती गेली. म्हणून शास्त्रीबोवांना आपण देशबुडवे म्हणावयाचे काय? प्रशियाच्या सैन्यात राइस्विट्झ नावाच्या अंमलदाराने १८२४ साली नकाशावरचा युद्धाचा खेळ आणिला, तो तर अधिकाऱ्यांना शिक्षण म्हणून खेळावयास लाविला. खेळ हा खेळ आहे.’

वकीलसाहेबांचा हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटला, तरी त्यात एक उणीव आम्हांस भासली. बुद्धिबळातील काळा राजा व पांढरा राजा यांना गाव नाही, पूर्वज नाहीत, त्यांच्या तटाचे दगड कोणाच्या अंगणाला लागून नाहीत. शिवाय तेथे दोन्ही बाजूंना बुद्धी आहे. येथे एकाच बाजूस आहे.

नेमकी हीच गोष्ट अहेरीहून आलेल्या आमच्या एका स्नेह्यांनी बोलून दाखविली. हे गोंड समाजातील शिक्षक. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरापासून वेगळा झाला त्याआधीपासूनचा आमचा घरोबा. त्यांनी तो पट बराच वेळ न्याहाळला आणि नातवास विचारिले, ‘बाबू, यात आमचा चांदा कुठं आहे?’ नातवाने मराठ्यांच्या रंगाचा मोठा पट्टा दाखवून म्हटले, ‘यातच आला, काकाजी.’

‘आणि अहेरी? आणि मोलमपल्ली?’

नातू गप्प राहिला. तेव्हा त्यांनी शांतपणे बाबुराव शेडमाक्यांची हकीकत सांगितली. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, व १८५४ साली नागपूरचे राज्य कंपनीने खालसा केले. त्याबरोबर चांद्याचे हे रान थेट कंपनीखाली आले. १८५८ साली मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव यांनी आपल्या माणसांसह कंपनीविरुद्ध हत्यार उचलले. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांस मिळाले. अखेर बाबुराव पकडले गेले, आणि त्यांना धरून देण्यास साहाय्य झाले ते अहेरीच्याच जमीनदारीण लक्ष्मीबाई यांचे. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांस फाशी दिले. तेथला पिंपळ आजही दाखवितात. आणि १ नोव्हेंबर रोजी राणीचा जाहीरनामा वाचला जाऊन कंपनीचे राज्य संपले. मध्ये अवघे अकरा दिवस.

‘या खेळात आमचं बंड म्हणजे एक पत्ता,’ ते म्हणाले. ‘पत्ता उलटला की बंड. बाबुराव का उठला, लक्ष्मीबाईनं का धरून दिलं, तिला कोणती भीती होती, कोणती आशा होती, हे विचारायची सोय यात नाही. इंग्रजाच्या मुलाला लोभ आहे, कर्ज आहे, वशिला आहे, मन आहे. आम्हांला मन नाही. मला राग नाही आला, बाबू. पण हा खेळ अर्धाच आहे एवढं लक्षात ठेव.’

नातवाने त्या वेळी जे केले त्याचे आम्हांस कौतुक वाटते. त्याने नियमांची पुस्तिका आणिली व तिचा आरंभ वाचून दाखविला. खेळकर्त्याने तेथेच म्हटले आहे की ही एका बिघडलेल्या संस्थेची उघड तसबीर आहे, साम्राज्यशाहीचे विषय यात येतात, तो प्रत्येकास मानवेलच असे नाही, आणि म्हणून खेळावयास बसण्यापूर्वी सर्वांची संमती घ्यावी. ‘मी ही संमती विचारली नाही,’ नातू म्हणाला. ‘खेळणाऱ्यांना विचारले, पण आजोबा त्याच खोलीत होते. घर त्यांचे आहे.’

त्याच रात्री तो आतल्या खोलीत गेला. काय बोलणे झाले ते आम्हांस ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी सायंकाळी ऊन उतरल्यावर आजोबा-नातू दोघेच कोटाच्या कडेने पठाणपुरा वेशीपर्यंत जाऊन आले. आणि त्यानंतरच्या रविवारी बंधूंनी सर्वांस आश्चर्यात टाकिले. ते पटापाशी येऊन बसले व म्हणाले, ‘एक घराणे मलाही द्या. पाहू तुमची कुंपणी.’

बंधू मोठ्या खटपटीने कंपनीचे अध्यक्ष झाले, आणि त्यांनी सरळ सरळ कंपनी बुडविण्याचा चंग बांधिला. कर्जावर कर्ज काढिले, जहाजे विनाकारण बांधिली, नालायक माणसांस इलाखे दिले. तिसऱ्या तासाच्या शेवटी कंपनीची पत रसातळास गेली व नियमाप्रमाणे खेळ तेथेच संपला. बंधूंनी चष्मा काढून पुसला. चेहऱ्यावर आठ दिवसांत प्रथमच हसू दिसले. ‘आता काय म्हणता?’

मग गुण मोजले. पहिली आली ती आमची नात. तिने आपली माणसे कधीच परत विलायतेत नेऊन बंगल्यांत बसविली होती. कंपनी बुडाल्याने तिचे फारसे बिघडले नाही.

बंधूंचे हसू मावळले. ते बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. मग मास्तरकीच्या जुन्या स्वरात बोलू लागले: ‘हे खरे आहे. अगदी असेच झाले. १७७० मध्ये बंगालात दुष्काळ पडला, लक्षावधी माणसे मेली. आणि १७७२ साली कंपनीपाशी देणी द्यावयास पैसा नव्हता. तेव्हा ती बुडाली काय? पार्लमेंटने १७७३ साली तिला चौदा लक्ष पौंड कर्ज दिले व वर कायदा केला. जे आधी नबाब होऊन घरी गेले होते त्यांच्या बंगल्यांची एक वीटही हलली नाही. १८१३ साली हिंदुस्थानच्या व्यापाराचा मक्ता गेला, १८३३ साली व्यापारच बंद झाला. तरी भागीदारांना वर्षाला शेकडा साडेदहा टक्के नफा मिळत राहिला, आणि तो हिंदुस्थानच्या महसुलातून. कंपनी मोडली १८७४ साली. म्हणजे बाबुरावाला फाशी दिल्यावरही सोळा वर्षे आपल्या रयतेच्या सारापट्टीतून लंडनच्या भागीदारांचे व्याज भागत होते. हे मी सदतीस वर्षे शिकविले. पण कंपनी बुडवून पाहिल्यावाचून ते मला आज कळले तसे कळले नव्हते.’

घरातील वाद येथे मिटला असे वाचकांस वाटेल. परंतु तसे झाले नाही, आणि ते योग्यही झाले असते असे आम्हांस वाटत नाही. बंधू आता तो खेळ वाईट आहे असे म्हणत नाहीत. मात्र स्वारीच्या यशावर टाळी पिटण्यास त्यांचा विरोध कायम आहे. नातवाचे म्हणणे, टाळी आपोआप वाजते, आणि ती का वाजली हेच तर खेळानंतर स्वतःस विचारावयाचे आहे. वकीलसाहेब अजूनही ‘खेळ हा खेळ’ या मुद्द्यावर ठाम आहेत. वहिनींनी खेळ तीन तासांत आटोपावा असा कायदा केला आहे, तो कोणी पाळत नाही. अहेरीच्या स्नेह्यांनी निघताना नातवास एवढेच सांगितले, की ‘पुढल्या खेपेला आमच्या बाजूचा खेळ तू बनव, मी माहिती देतो.’ नातवाने ते मनावर घेतले असून त्यांच्याकडून जमीनदाऱ्यांची नावे लिहून घेतली आहेत. पाहू काय होते ते.

आमचे स्वतःचे मत विचाराल तर असे आहे. इतिहासाचा खेळ करावा की नाही, हा प्रश्नच मुळी चुकीचा वाटतो. आपल्या घरांत इतिहासाचे नाटक होते, कादंबरी होते, पोवाडा होतो. मग पट का होऊ नये? मात्र नाटकात आपण प्रेक्षक असतो व खलनायकाचा राग करून निर्मळ मनाने घरी येतो. पटावर तो खलनायक आपला हात असतो. हा अनुभव अस्वस्थ करणारा आहे, आणि म्हणूनच तो उपयोगाचा आहे. आमच्यासारख्या शिकलेल्या घरांनी तर तो अधिक घ्यावा. कारण खालसा झालेल्या राज्यांत कारकुनीच्या व मामलतीच्या जागा ज्यांनी पटकाविल्या, त्यांत आपल्याच पणजोबांची नावे पुष्कळ निघतील. मुलाभाच्यांना कचेरीत चिकटविणारी घराणी केवळ विलायतेतच होती, असे मानण्याचे कारण नाही.

परंतु असा खेळ घरात आणणाऱ्या तरुण वाचकांस दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक, पट मांडण्यापूर्वी खोलीत बसलेल्या प्रत्येकास विचारावे. जो खेळत नाही त्यासही विचारावे, कारण कित्येकदा त्याचेच काही त्या पटावर मांडलेले असते. आणि दुसरी, डाव संपल्यावर पेटी लगेच बंद करू नये. ज्या गावात आपण राहतो ते गाव त्या नकाशावर कोठे असावयास हवे होते, एवढे तरी एकदा बोट ठेवून पाहावे. आमच्या नातीने मराठ्यांच्या पट्ट्यात, पूर्वेच्या कडेस, दोन चिंचोके ठेविले आहेत. एक चांदा, एक अहेरी. खेळाच्या नियमांत त्यांना काही स्थान नाही. पण अद्याप कोणी ते उचललेले नाहीत.